दोन बोटांची फट

कोलकात्याला माझी बदली झाली तेव्हा मी फौजेत हवालदार होतो, व्हेइकल मेकॅनिक. नोकरीची शेवटची तीन वर्षं उरली होती. निवृत्त झाल्यावर इथेच राहिलो. आता सॉल्ट लेकमध्ये सेक्टर फाइव्हच्या एका आयटी कंपनीच्या बसगाड्या सांभाळतो. तिथल्या अनिकेत नावाच्या पुण्याच्या इंजिनिअरने फोर बाय फोर पिकअप घेतली आहे. परवा विचारत होता, "काका, एकोणतीस इंचांच्या जागी तेहतीसचे टायर बसवले तर काय फरक पडेल?" मी म्हणालो, लिहून देतो. तोंडी सांगायला जमलं नसतं.

आमच्या वर्कशॉपमध्ये सहाला पीटी, साडेसातला फॉल-इन आणि आठला पहिलं बॉनेट उघडायचं. रात्री पुसून ठेवलेल्या स्पॅनरवर सकाळी गंजाचा पातळ थर असायचा. कोणी मोठे साहेब येणार असले की हे सगळं बंद. मग दगडांना चुना, झाडांना गेरू आणि टायरना काळं पॉलिश. फौजेत जी वस्तू हलत नाही तिला रंग देतात आणि जी हलते तिला आधी थांबवून रंग देतात.

त्या वर्षी नागरिकांसाठी आमच्या मैदानावर दोन दिवसांचं प्रदर्शन ठरलं. तयारी पाहायला आलेले सीओ साहेब आमच्या पिकअपसमोर थांबले.

"कदम, ये गाडी गरीब दिखती है."

"सर, चलती अच्छी है."

"वो तो अंदर की बात है."

चार दिवसांनी तेहतीस इंची टायर आले. नक्षी अशी खोल की त्यात अंगठा बुडावा. बसवले, आणि गाडी खरंच रुबाबदार दिसायला लागली.

टेस्टला माझ्यासोबत लान्स नायक विश्वास गुरव होता. पाटणकडचा, वय एकतीस. ती पिकअप तीन वर्षं त्याच्याच हातात होती. बायको सुनीता आणि चार वर्षांची मुलगी फॅमिली क्वार्टर्समध्ये. मुलगी घरात मराठी ऐकायची आणि उत्तर बंगालीत द्यायची. त्याचा त्याला कोण अभिमान.

पहिल्याच चढावर त्याला दुसरा गिअर सोडून पहिला टाकावा लागला. चाक मोठं झालं की तेच इंजिन, तेच गिअर त्याला ओढायला कमी पडतात. अॅक्सलमधलं क्राउन-पिनियन, म्हणजे दातेरी चाकांची जोडी, बदलावं लागतं. ते आलं नव्हतं, कारण ते बाहेरून दिसत नाही. काटा पन्नास दाखवायचा तेव्हा गाडी सत्तावन्नने पळत असायची. ब्रेक जुनेच, चाकं जड, त्यामुळे थांबायला जास्त अंतर. गाडीचा बोजा वर गेला, म्हणून ती वळणावर झुकायची.

"उस्ताद," गुरव म्हणाला, "अंगानं वाढली, पर जीव तेवढाच ऱ्हायला की वो तिचा. आमच्या धाकट्या मेव्हण्यागत."

त्यानंतर त्याने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासला. नवा रंग हातभर खरवडला गेला.

यावर खरा उपाय म्हणजे मडगार्डची कड कापणं. प्रदर्शनाआधी कापलेली कड कोणी चालवून घेतली नसती. दुसरा उपाय सोपा. पुढच्या अॅक्सलवर दोन्ही बाजूंना स्टिअरिंगचा स्टॉप बोल्ट असतो. तो फिरवून थोडा पुढे आणला की चाक त्याला लवकर टेकतं, कमी वळतं आणि घासत नाही. मी दोन्ही बोल्ट पुढे आणले. पूर्ण वळवल्यावर टायर आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटांची फट राहिली. रंग पुन्हा मारून घेतला.

गुरवने गाडी मैदानात एकदा फिरवून आणली. "उस्ताद, वळायला लई जागा घेती आता. आधी पुढं, मागं, पुढं केलं की फिरायची."

"दोन दिवस सांभाळ. शो संपला की कड कापतो, बोल्ट जागेवर आणतो."

"शब्द?"

"शब्द."

प्रदर्शन उत्तम झालं. लोकांनी त्या टायरवर पाय ठेवून फोटो काढले. दुसऱ्या दिवशी पाच वाजता सगळं संपलं. वादळाचा इशारा तीन दिवस पेपरात होता. संध्याकाळी मला वेळ होता. शामियान्यात पाहुण्यांसाठी केलेली भजी उरली होती, चहा होता. मी बसलो. कड उद्या कापू म्हटलं.

पहाटे वादळ आलं. साडेपाचला आदेश: नदीकाठच्या गावांतून लोक बाहेर काढायचे आहेत, गाड्या तयार करा. पिकअप यादीत पहिली होती, कारण ती सगळ्यांत उंच होती. पाण्यात उंच टायरचा फायदा होतो, हे खरं आहे. तेही लिहायला हवं.

मी कॅप्टन साहेबांना म्हणालो, "सर, स्टिअरिंगचे बोल्ट जागेवर आणायचेत."

"गाडी चलती है?"

"चलती है, सर."

"कितना टाइम?"

"आधा घंटा."

"पाँच मिनिट है."

"राइट, सर."

आणि मी फिटनेसच्या कागदावर सही केली.

पावणेसहाला निघालो. पुढे पिकअप, त्यात गुरव, कॅप्टन साहेब आणि तीन जवान. मागे रिकव्हरी व्हेइकलमध्ये मी. बजबज ओलांडून बऱ्याच पुढे नदीच्या बांधावर चढलो. बांधावर विटांचा अरुंद रस्ता, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पाण्याखाली गेलेली शेतं. नऊ चाळीसला रेडिओवर कॅप्टन साहेबांचा आवाज आला.

"टायगर टू, आगे बांध टूटा है. हम टर्न अराउंड कर रहे हैं. तुम वहीं रुको. ओव्हर."

"टायगर टू, रॉजर. आउट."

मी खाली उतरलो. पिकअप शंभर पावलांवर होती. गुरवने आधी सगळ्यांना उतरवलं. कॅप्टन साहेब उतरत नव्हते, तर हात जोडून त्यांनाही उतरवलं. मग वळवायला घेतली.

मी मोजत होतो. एकदा पुढे, एकदा मागे. पुन्हा पुढे. जुन्या लॉकवर, म्हणजे चाक आधीइतकं वळत असतं तर, इथे काम संपलं असतं. गाडी अजून आडवीच होती. मी धावायला लागलो. ओरडलो, "गुरव, सोड! उतर खाली!" वाऱ्यात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. तिसऱ्यांदा मागे घेतली तेव्हा मागचं उजवं चाक कडेवर आलं. भिजलेली माती बसली. गाडी झुकली, क्षणभर तशीच राहिली आणि नदीत उलटली.

विंच लावून बाहेर काढायला चाळीस मिनिटं लागली. गुरवला मी आणि एका जवानाने दारातून ओढून काढलं. त्याचा एक बूट आतच अडकला होता.

नंतर गाडी तपासणं माझंच काम होतं. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे होतं, चाक स्टॉप बोल्टला टेकलेलं. मी टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोटं घातली. दोन बोटं बसली. आतला रंग जसाच्या तसा होता. एक ओरखडा नव्हता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी बोल्टचं सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, "पुराने लॉक पर गाडी पक्का मुड़ जाती? यकीन से कह सकते हो?"

"यकीन से नहीं, सर."

निष्कर्ष निघाला: बांधाची माती खचली. मला कोणी काही बोललं नाही. बोलायला हवं होतं.

सामान आवरून सुनीता गावी निघाली त्या दिवशी मी हावडा स्टेशनवर सोडायला गेलो. मुलगी माझ्या कडेवर होती, बाबा कधी येणार म्हणून बंगालीत विचारत होती. गाडी सुटायला पाच मिनिटं असताना सुनीताने विचारलं, "दादा, गाडीत काही बिघाड होता का?"

"नाही, ताई. बिघाड नव्हता."

हे शब्द खरे होते. म्हणूनच ते मला बोलता आले.

अनिकेत, टायर हवेच असतील तर आधी क्राउन-पिनियन बदल, ब्रेक बदल. मडगार्डची कड मी स्वतः कापून देतो. स्टॉप बोल्टला हात लावणार नाही. तरी टायर घासला, तर घासू दे. रंग गेला तर जाऊ दे.

हे तुझ्यासाठी लिहायला घेतलं होतं. याची एक प्रत मी पाटणला पाठवतो आहे. सुनीताताई, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर वर आहे. उशीर झाला.

लान्स नायक विश्वास गुरव. चौघांना खाली उतरवलं, मग गाडी वळवायला घेतली.