अण्णांची जीभ

आमच्या जे. पी. नगरच्या नर्सरीत रोपं पाणी घालून वाढतात, किस्से न घालताच! त्यातले निम्मे अण्णांचे, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचे.

कुंड्यांत आम्ही मातीऐवजी कोकोपीट भरतो, नारळाच्या काथ्याचा भुसा. त्यात खार असतो. धुऊन काढला नाही तर मुळं जळतात. तो गेला की नाही हे अण्णा कसं बघतात? निथळलेलं पाणी बोटावर घेऊन चाटतात! जयनगरच्या एका बाईंनी ते पाहिलं आणि कुंडी न घेताच निघून गेल्या. अक्का, माझी जाऊ, म्हणाली, "इथे कणभर खार कळतो यांना. घरी सारात मीठ विसरलं तरी दोन वाट्या पितात!"

*

मी खार मोजायचं मीटर आणलं. अण्णा म्हणाले, "त्याला सेल लागतो, मला कॉफी पुरते." तिसऱ्याच दिवशी माझ्या हातून ते खताच्या ड्रममध्ये पडलं. अण्णा खूश! "नवीन घेऊ, नवीन घेऊ" म्हणत मी घेतलंच नाही. तेच आता मनाला खातं.

*

यंदा एका हॉटेलची ऑर्डर आली, झेंडूच्या दोन हजार कुंड्या. ती गेली तर नर्सरीला कुलूप. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लावणीनंतर आठव्या दिवशी पानांची टोकं करपलेली दिसली. मी धावतच अण्णांना गाठलं.

"अण्णा, पाणी चाखलं होतंत ना?"

"चाखलं की!" मग खाली बघत म्हणाले, "मागे ताप आला ना, तेव्हापासून तोंडाला चवच नाही गं. कॉफीसुद्धा गरम पाण्यासारखी लागते."

"मग सांगितलं का नाही?"

"तू परत मीटर आणशील म्हणून!"

हसावं की रडावं!

*

आता प्रत्येक कुंडीतून भरपूर पाणी सोडून खार काढायचा. तर शंभरेक कुंड्यांत पाणी वरच तुंबलं. खालची भोकं नीट पडलेलीच नव्हती! अक्का तापलेली सळई घेऊन भोकं पाडत सुटली. "मुळांना लागेल हं, जपून हं," माझं चालूच. शेवटी ती म्हणाली, "गप्प बस, नाहीतर पुढचं भोक तुला!"

*

त्यानंतर चौथ्या दिवशी हॉटेलचे मॅनेजर आले, रोपं बघून ऑर्डर ठेवायची की रद्द करायची ते ठरवायला. सकाळपासून पाणी चाखून चाखून अक्काच्या आणि माझ्या जिभेलाही काही कळेनासं झालं होतं. मागवलेलं नवीन मीटर अजून यायचं होतं.

त्यांनी करपलेलं पान धरलं. "हे काय?"

"खार राहिला होता, सर. चूक माझी," अण्णा म्हणाले. "आता गेलाय असं वाटतं, पण माझ्या जिभेचा मलाच भरवसा नाही." आणि कुंडीखालचं पाणी पेल्यात धरून त्यांच्यापुढे केलं! "स्वल्प, थोडंसं चाखून बघा."

"अहो अण्णा!" मी ओरडलेच.

मॅनेजर आधी वीस वर्षं हॉटेलचं स्वयंपाकघर सांभाळलेले. त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले. आमचा जीव टांगणीला!

"मीठ कमी आहे," ते म्हणाले. "टेम्पो कधी पाठवू?"