पायरीजवळची कुसळी

माळावरून फिरून आलं की आमचा कुत्रा वाघ्या पायरीशी बसायचा आणि माझी बायको, सुमन, त्याच्या केसांत रुतलेली कुसळं काढून तिथंच टाकायची. कुसळ म्हणजे कुसळी गवताचं बीच. पुढे टोक, मागे लांब शेपूट. पाणी लागलं की शेपूट पिळा घेतं आणि बी मातीत घुसतं.

गेल्या पावसाळ्यात पायरीजवळ दोन तऱ्हांचं गवत उगवलं. एक वीतभर झालं नाही तोच तुऱ्यावर आलं आणि दिवाळीपर्यंत बी सांडून वाळूनही गेलं. कुसळीची मात्र जेमतेम चार पाती. उपटायला गेलो तर उपटेना. तिची सगळी वाढ खाली, मुळांत चालली होती. बी टाकून मोकळं व्हायचं की मूळ धरून थांबायचं, यात शहाणं कोण, या भानगडीत मी पडत नाही.

थंडीत वाघ्या गेला. मी फिरणं सोडलं. उन्हाळ्यात कुसळीही वाळली. मी ती मेलीच असं धरून चाललो. यंदा पाऊस झाला आणि त्याच बुडख्यातून ती फुटली. चांगला ठोंब झाला. परवा त्याला कुसळं धरलेली दिसली.

"आता ही कुणाच्या अंगावर बसून जायची माळावर?" सुमन म्हणाली.

आज सकाळी पायरी उतरताना मोज्यांना बरीच कुसळं चिकटली. ती काढली नाहीत. तसाच माळावर गेलो.