बेलाचं फाटकं पान

सासूबाईंचा नियम असा की इष्टलिंगाला वाहायचं बेलाचं पान अखंड हवं. तीन दलांतल्या एकाला जरी अळीनं कुरतडलं असलं तरी ते बाजूला. त्यामुळे परसातल्या बेलावरच्या अळ्यांशी त्यांचं वर्षानुवर्षांचं भांडण.

आमच्या घरामागं निलंगा रस्त्याला खडी क्रशर सुरू झालं आणि ते भांडण आपोआप मिटलं. "लई गुणाचं झाड झालंय गं. एक पान फाटकं न्हाई," त्या कौतुकानं म्हणायच्या. मीही खूश. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, पण पान कुणी खात नाही म्हणजे खाणारंच उरलं नाही, हे डोक्यात शिरायला मला दोन वर्षं लागली. स्वतःचाच संताप आला.

मग मी हट्टालाच पेटले. पानांवर पिठासारखी धूळ बसायची, म्हणून रोज सकाळी पाइप लावून झाड धुवायला लागले. आठवड्यानं कळलं, धुळीबरोबर फुलपाखराची अंडीही मीच धुऊन काढत होते. रोगापेक्षा इलाज भयंकर! तेव्हापासून ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसते आणि अंडं दिसलं की तेवढी जागा सोडते.

अंडी असलेल्या फांदीवर धूळ पडू नये म्हणून जुन्या लुगड्याचा तुकडा आडोशासारखा बांधला. पहिली अळी वाढलीच नाही. दुसरीचा कोष झाला, पण त्यातून निघालेल्या फुलपाखराचे पंख चुरगळलेलेच राहिले. ते दिवसभर फांदीवर धडपडलं. मला रडू आलं. धुळीनंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण माझा संशय काही जात नाही.

ग्रामपंचायतीत अर्ज दिला. "मॅडम, फुलपाखरासाठी क्रशर बंद करावं व्हय?" म्हणून तिथले हसले.

"निदान धुळीवर पाणी तरी मारायला लावा," मी म्हणाले. दर सोमवारी जाऊन तेच विचारते. आता मला पाहून कुणी हसत नाही.

तिसऱ्या अळीचं फुलपाखरू मात्र उडालं. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. ते कुंपणापलीकडे गेलं, तसा त्यांनी फांदीवरचा लुगड्याचा तुकडा सोडला, त्याच फांदीचं पान खुडलं आणि पूजेला बसल्या.

"अत्या, भोकं आहेत त्याला," मी सासूबाईंना म्हणाले.

"दिसायलंय मला," त्या म्हणाल्या. "आजपासून असलंच आणत जा."