बिनपायाचं स्ट्रेचर

“सर, याले टेकवाचं कुठी?” कोमटी ओरडला.

पोटरीभर पाणी, खाली चिखल. चौघांच्या खांद्यावर आमचं स्ट्रेचर आणि त्यावर कळा देणारी कोमटीची बायको, जुरी. गाव भामरागडकडचं. पावसात रस्ता तुटला की ॲम्ब्युलन्स चार किलोमीटर अलीकडेच थांबते. तिथवर पेशंटला उचलूनच न्यावं लागतं.

मी चंद्रपूरच्या एका पॉलिटेक्निकात वर्कशॉप शिकवतो. शेख सर म्हणतात मला. शेवटच्या वर्षाला प्रॉडक्ट डिझाइनचा प्रोजेक्ट असतो. रोजची एखादी अडचण शोधायची आणि तिच्यावर वस्तू बनवायची. वडशाकडच्या धानवाल्या घरची प्रणाली, तिनं हे स्ट्रेचर केलं. गावात पेशंटला खाटेवर नेतात, ती जड. आमचं ॲल्युमिनियम पाइप आणि कॅनव्हासचं, वजन निम्म्याहून कमी. तिनं ड्रॉइंगमध्ये पाय दाखवले होते. मीच म्हटलं, “काढ ते. फुकटचं वजन.” मग कॉलेजच्या ग्राउंडवर शिपायाला झोपवून चार चकरा मारल्या आणि आपलीच पाठ थोपटून घेतली.

त्या दिवशी आम्ही गावात नुसतं दाखवायला गेलो होतो. जुरीच्या कळा सुरू झाल्या, कोमटीनं खाट बाहेर काढली. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, “राहू दे भाऊ, हे हलकं आहे.”

हलकं होतंच. पण माणूस थकतो. खाट असली की हे लोक थोड्या थोड्या वेळानं ती टेकवतात, दम घेतात, खांदा बदलतात. खाटेचे पाय पाण्यात, पेशंट वर कोरडा. आमचं टेकवलं की जुरी थेट पाण्यात. एकदाच टेकवलं, तेव्हा ती अशी किंचाळली की पुन्हा कोणाची हिंमत झाली नाही.

“हात सुटून राह्यले, सर,” मागचा गडी म्हणाला. “पडन ते.”

शेवटी धानाच्या बांध्यांतली, पाणी भरल्या शेतांतली सरळ वाट सोडून टेकडीवरून वळसा घेतला. तिथं खाली ठेवायला कोरडी जागा होती. तासभर जास्त लागला. प्रणाली जुरीचा हात धरून चालत होती.

दवाखान्यात जुरी वाचली. बाळ गेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “तासभर आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.”

कोमटी भिंतीला टेकून बसला होता. मी बाजूला बसलो. माफी मागायची होती. त्याआधी तोच म्हणाला, “खाट दारातच होती, सर.” आवाजात राग नव्हता. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

कॉलेजात एचओडी म्हणाले, “पेशंट पोचली ना? मग ट्रायल सक्सेसफुल लिहा. स्पर्धेला पाठवायचंय.”

“सर, बाळ मेलं.”

“ते मेडिकल मॅटर झालं, शेख.”

माझं डोकंच फिरलं. “मग माझी सही मिळणार नाई,” म्हटलं आणि बाहेर पडलो. प्रणालीनं रिपोर्टात ‘फेल’ लिहिलं. पाय काढल्याचं कारण लिहिताना तिनं माझं नाव घातलं नाही. ते मी घातलं.

आता नव्या बॅचला मी आधी लोकांची जुनी वस्तू दिवसभर वापरायला लावतो. ती तशी का आहे हे समजेपर्यंत ड्रॉइंग बंद. फार मोठी विद्या नाही ही. कोमटीला विचारलं असतं तर त्यानं दोन मिनिटांत सांगितलं असतं.