दोन-दोन-तीन

पनवेलला वडाळे तलावाजवळच्या व्हायोलिन क्लासमध्ये सरांनी माझा कागद सगळ्यांसमोर टराटरा फाडला, तो आवाज अजून कानात आहे. मी रूपक तालातली एक चाल पाश्चात्य नोटेशनमध्ये लिहिली होती. त्यात छोट्या स्वरांच्या शेपट्या आडव्या दांडीने जोडतात, तिला बीम म्हणतात. रूपकाच्या सात मात्रा आपण तीन-दोन-दोन अशाच मोजतो, म्हणून मी तशाच जोडल्या. सरांच्या परदेशी पुस्तकात दोन-दोन-तीन होतं. "परत लिही. हाताला सवय लागेल," म्हणाले, आणि मे महिन्याची अख्खी सुट्टी मला तेच गिरवायला लावलं.

पुढे नोटेशनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरी लागली आणि आपोआप जोडल्या जाणाऱ्या बीमची सेटिंग्ज नेमकी माझ्याच वाट्याला आली. म्हटलं, आता बघतेच. सात मात्रांना मी तीन-दोन-दोनच ठेवलं. दोन-दोन-तीनही दिलं, नाही असं नाही; पण मेनूत पार खोल गाडून. बाकी प्रत्येक सेटिंग कायमची सेव्ह करता यायची. एवढी एक सोडून.

सरांनी ते सॉफ्टवेअर घेतलं. एका दुपारी तक्रारीचा फोन मीच उचलला. आवाज मी लगेच ओळखला. त्यांनी मला नाही ओळखलं.

"अहो मॅडम, प्रत्येक नव्या फाइलला हे दोन-दोन-तीन परत करायचं?"

"हो सर," मी अगदी गोड आवाजात म्हटलं. "परत करा. हाताला सवय लागेल."