आठ पावलं तुझी, आठ पावलं माझी

मीरासाब जमादाराला अर्धं कोल्हापूर तोंडानं ओळखायचं, नावानं मात्र कुणीच नाही. वरातीत सगळ्यांच्या पुढं, लाल कोट घालून, डोळे मिटून क्लॅरनेट वाजवणारा उंच माणूस म्हटलं की लोक म्हणायचे, "ते व्हय? त्यो बँडमास्तर." तिथं विषय संपायचा. चाळीस वर्षं हा माणूस लोकांच्या लग्नांत वाजवत चालला आणि चाळीस वर्षांत त्याला कुणी बसायला खुर्ची दिली नाही. द्यायची तरी कशाला? बँडवाला हा चालायचा माणूस. त्यानं उन्हात चालावं, धुळीत चालावं, नाचणाऱ्यांचे धक्के खावेत आणि पाहुण्यांची पंगत उठली की मागल्या दारी जेवून घरी जावं. मीरासाबला याचं काही वाटत नव्हतं. वाटायचं ते त्याच्या दोस्ताला.

दोस्त म्हणजे आकाराम लोहार, त्याच बँडमधला ट्रम्पेटवाला. बुटका, बडबड्या, तोंडाचा फाटका आणि मनानं सोनं. दोघं विशीत असताना एका चैत्रात जोतिबाच्या यात्रेला एका गावच्या सासनकाठीपुढं वाजवत डोंगर चढले होते. चढण अशी की वाजवायला दम पुरेना, आणि थांबावं तर काठीवाले शिव्या घालणार. तेव्हा आकारामनं तोड काढली. "मीरा, आठ पावलं तू वाजीव, आठ पावलं मी वाजीवतो. तवर दुसऱ्यानं दम खायचा." डोंगरमाथ्यावर पोचेपर्यंत त्यातून एक चाल उभी राहिली, अर्धी क्लॅरनेटची आणि अर्धी ट्रम्पेटची. पुढं ते तिला घाटाची चाल म्हणायला लागले. तिचा नियम एकच होता, दुसऱ्याच्या पावलांत आपण तोंड घालायचं नाही. एक तापानं पडला तर दुसरा ती चाल वाजवायचाच नाही, मग नवऱ्याचा बाप कितीही मागं लागो.

वरातीत ती चाल ऐकतं कोण म्हणा. निम्मे नाचण्यात, निम्मे फोटो काढण्यात. आकाराम घरी जाताना सायकल हातात धरून कुरकुरायचा, "एकदा तरी बसून वाजवायचं रं मीरा. आपूनबी बसल्यालं आन् ऐकणारंबी बसल्यालं. मग मेलो तरी चालंल." मीरासाब हसायचा. ही इच्छा त्यानं हजारदा तरी ऐकली असेल.

आणि दोन वर्षांमागं, एप्रिलात, ती इच्छा चालत दारात आली. प्रियदर्शनी नावाची कोल्हापूरचीच मुलगी, पुण्यात पियानो शिकून आलेली. तिनं मावसबहिणीच्या लग्नात घाटाची चाल ऐकली होती आणि बहिणीवर अक्षता टाकायच्या सोडून बँडच्या मागं मागं हिंडली होती. मे महिन्यात रंकाळ्याजवळच्या एका मैदानात ती आणि तिचे दोस्त उन्हाळी जॅझची एक संध्याकाळ करणार होते. पुण्याचा पियानोवाला, गोव्याचा सॅक्सोफोनवाला, शेवटी मुंबईची एक गाणारी, आणि बरोबर मधे, आठ वाजता, आकाराम लोहार आणि मीरासाब जमादार. दोघांना दोन खुर्च्या.

"पन बाई, ते जॅझ का काय, त्ये आमाला येतंय कुठं?" आकारामनं विचारलं.

"काका, एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, आणि प्रत्येक वेळी थोडं नवं. तुम्ही तेच तर करता."

"मग चाळीस वर्षं आमी जॅझच वाजीवलं म्हणायचं," आकाराम म्हणाला. "फकस्त कुणी सांगितलं न्हाय."

सरावाला तिनं दोघांना आपल्या घरी बोलावलं. पुण्याचा पियानोवालाही आला होता. तो समोर दोन हातांच्या अंतरावर मांडी घालून बसला, हात गुडघ्यावर, नजर मीरासाबच्या बोटांवर, आणि गप्प. मीरासाबनं फुंकर घातली आणि तिसऱ्याच पावलाला क्लॅरनेट चिरकलं. वरातीत असं दहादा होतं. ढोलाच्या दणक्यात बारीकसारीक सगळं बुडून जातं. इथं ढोल नव्हता. ते चिरकणं खोलीत तसंच उभं राहिलं. पियानोवाला मनापासून "फारच सुंदर" म्हणाला, पण मीरासाबला ते ऐकू आलं नाही. घरी जाताना, जेवताना, अंथरुणावर पडल्यावर त्याच्या कानात ते चिरकणंच वाजत होतं. साठी ओलांडलेल्या माणसाला पहिल्यांदा कळलं, की आपलं वाजवणं आजवर कुणी ऐकलं नाही म्हणून आपण चांगलं वाजवतो असं आपल्याला वाटत होतं. तो घाबरला. साधी सरळ भीती वाटली त्याला, आणि ती त्यानं कुणाला सांगितली नाही, बायको सुलतानबीलाही नाही.

भीतीला निमित्त लागतं, आणि निमित्त तयारच होतं. जॅझच्या कार्यक्रमाच्याच दिवशी हातकणंगल्यात एका लग्नाची सुपारी होती. थंडीतच नवऱ्या मुलाच्या आज्यानं मीरासाबच्या हातात नारळ दिला होता. त्यांच्या बँडची जुनी रीत अशी, की ज्यानं नारळ हातात घेतला त्यानं स्वतः वाजवायचं. बदली माणूस पाठवला तर घेतलेल्या नारळाचा अपमान.

"आदर्श सांभाळंल की," आकाराम म्हणाला. आदर्श हा बँडमधला दुसरा क्लॅरनेटवाला, तयार गडी. "माज्या जागी ट्रम्पेटला बदली देतो मी. नारळाला मी हात जोडतो. म्हाताऱ्याला सांगू, उमर झाली."

"न्हाय आक्या. नारळ म्हंजे नारळ."

आकारामनं पुढं ओढून धरलं नाही. मग म्हणाला, "वरात कवा संपायची?"

"सातच्या आत. मी गाडीवर निघतो, पाऊण तासात येतो. आठला तर आपलं हाय."

"मग झालं तर. मी जागा धरून बसतो."

वरात साडेसहालाच मारुतीच्या देवळापाशी संपली. नवरा-नवरी घरात गेली, बँडनं वाद्यं पुसली. मीरासाबची मोटारसायकल कडुलिंबाखाली उभी होती. पेट्रोल होतं, हवा होती, किल्ली खिशात होती. मुलीकडच्या कुणीतरी म्हटलं, "मास्तर, च्या घिऊन जावा." तो चहाला बसला. एक कप झाला, दुसरा झाला. बोलायला माणसं होती, ऊस, भाव, पाऊस. पावणेसात झाले, सात झाले, साडेसात झाले. आदर्श दोनदा येऊन म्हणाला, "मास्तर, तुमी जाणार हुता न्हवं?" दोनदा त्यानं "निघतोय की" म्हटलं. आठ वाजता त्यानं कप खाली ठेवला. तेव्हा त्याला हलकं वाटलं, खोटं कशाला बोला. सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आकारामकडं गेला आणि दारातूनच म्हणाला, "गाडी पंक्चर झाली रं. वाटंत, अतिग्र्याजवळ. दुकान बंद."

"चालायचंच," आकाराम म्हणाला. "बस, च्या घे."

कार्यक्रम कसा झाला, काय झालं, त्यानं काही सांगितलं नाही. एवढा बडबड्या माणूस. फक्त एकदा चहा फुंकता फुंकता म्हणाला, "लोकं बसून ऐकत्यात रं मीरा. खोकतसुदिक न्हाईत. लई बरं वाटतंय." मीरासाबनं पुढं विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं असतं. त्यानंतरही दोघांनी तीन लग्नं वाजवली, पण घाटाची चाल कुणी काढली नाही. आणि श्रावणात, शिराळशेटीच्या सणाच्या आदल्या दुपारी, आकाराम जेवून भिंतीला टेकला तो टेकलाच. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याला प्रियदर्शनी आली होती. तिनं मीरासाबची मुलगी अफसाना हिच्या फोनवर त्या संध्याकाळचं चित्रण पाठवलं. "काकांना दाखव," म्हणाली. "त्यांनी पाहिलं नसेल." अफसानानं दुपारी बापाच्या हातात फोन दिला आणि ती आत गेली.

चित्रात मांडवाचा उजेड, दोन खुर्च्या. एकीवर आकाराम, पांढरा सदरा, केसांना तेल, हातात चकचकीत पुसलेला ट्रम्पेट. दुसरी रिकामी. समोर माणसं दिसत नव्हती, पण त्यांचं गप्प असणं कळत होतं. आकारामनं ट्रम्पेट तोंडाला लावला आणि घाटाची चाल धरली. आपली आठ पावलं वाजवली आणि ट्रम्पेट मांडीवर घेतला. मग काहीच नाही. मीरासाबची आठ पावलं रिकामी गेली. आकारामनं मान डाव्या बाजूला वळवली, जिकडं मैदानाचं फाटक होतं. मग पुढची आठ वाजवली. इतकं निवांत, इतकं गोड आकारामनं आधी कधी वाजवलं नव्हतं. बसून वाजवत होता ना.

मीरासाबनं कोनाड्यातून क्लॅरनेट काढलं. का काढलं, ते त्याला सांगता आलं नसतं. निदान आता तरी आपली पावलं आपण भरावीत असं वाटलं असेल. दुसरी रिकामी जागा आली तसा तो वाजवायला लागला. न चिरकता, नीट, आठ पावलं. ती संपली. आकारामनं सुरू करायला हवं होतं. आकाराम सुरू करेना. तो फाटकाकडं बघत होता. मीरासाब क्लॅरनेट तोंडाला तसंच धरून थांबला आणि मनात मोजायला लागला. नऊ, दहा, अकरा. बाराव्या पावलाला ट्रम्पेट आला.

पुढच्या वेळी वीस पावलं. लोकांना वाटलं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या, तर आकारामनं हात वर करून त्यांना थोपवलं. मागं बसलेल्या पियानोवाल्यानं बिचाऱ्यानं सावरून घ्यायला दोन स्वर दिले. आकारामनं मागं न बघता मान हलवली. पियानो गप्प झाला. शेवटची रिकामी जागा चाळीस पावलांची होती. मीरासाबकडं आठ पावलांचीच चाल होती. बाकीच्या बत्तीस पावलांत वाजवायला त्याच्याजवळ काही नव्हतं.

त्याच पावली तो आकारामच्या घरी गेला. आकारामची बायको बायडाबाई सोप्यात शेंगा फोडत बसली होती. मीरासाब आत गेला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "वहिनी, गाडी पंक्चर झाली न्हवती. मी हातकणंगल्यात च्या पीत बसलतो. मला भ्या वाटलं."

बायडाबाईनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"ठावं हाय भावजी," ती म्हणाली. "साडेसातला त्येनी आदर्शला फोन केलता. मास्तर च्या घेत बसल्यात म्हणून त्यानं सांगितलं. मी शेजारीच हुते की."

"आक्याला ठावं हुतं?"

"व्हय. घरी येताना रिक्षात मी लई बोलले त्यास्नी. म्हटलं, येत न्हाईत हे ठावं असून एवढ्या माणसांत येड्यावानी थांबत कशाला हुता? तर म्हणालं, मीराला धीर याया येळ लागतो. मला वाटलं, उठला असंल, वाटंत असंल."

मीरासाब उंबऱ्यावरच खाली बसला आणि लहान पोरासारखा मोठ्यानं रडला. बायडाबाईनं त्याला उगी राहा म्हटलं नाही. तिनं सूप बाजूला सारलं, आणि तीही रडायला लागली.