हिमालयातला चिखल आणि आमचे 'कशावरून' सर

किस्से गोळा करावे लागत नाहीत. एक संशयी माणूस खोलीत बसवा, ते आपोआप साठतात! आमच्या कोल्हापूरच्या भूगर्भशास्त्र विभागात तो माणूस म्हणजे आमचे पीएचडीचे गाईड. कुठल्याही वाक्यावर त्यांचा एकच प्रश्न, "कशावरून?" म्हणून ते 'कशावरून सर'.

माझं लग्न ठरलं तेव्हा पेढे घेऊन गेलो. "सर, लग्न ठरलं!"

पेढा हातात धरून सर म्हणाले, "कशावरून?"

*

आमचं काम चिखलाचं. हिमनदीचं पाणी जिथं साठतं त्या तळ्यांच्या तळाशी दरवर्षी गाळ बसतो. उन्हाळ्यात बर्फ वितळून येणारा जाडसर आणि फिकट, हिवाळ्यात तळं गोठल्यावर सावकाश बसणारा बारीक आणि काळपट. फिकट-काळी एक जोडी म्हणजे एक वर्ष. तळात पाइप ठोकून गाळ अख्खा उचलायचा, उभा चिरायचा आणि जोड्या मोजायच्या.

असे सहा पाइप टेम्पोतून आणताना उचगावजवळ पोलिसानं अडवलं.

"पावणं, ह्यात काय हाय?"

"चिखल."

"कुठला?"

"हिमालयातला."

"का? कोल्हापुरातला संपला व्हय?"

कागदपत्रं दाखवली. त्यानं झाकण काढून हुंगलं, बोट लावून बघितलं. चिखलच होता! शेवटी वैतागून म्हणाला, "जावा. पर खरं काय हाय तेवढं सांगून जावा की!"

*

माझ्याबरोबर संपदा, गारगोटीची, तीही सरांचीच विद्यार्थिनी. पाच वर्षं तिनं हाच गाळ मोजला. पोरगी एवढी वर्षं नक्की काय करते, ही शंका घेऊन एक दिवस तिचे वडील, आबा, विभागात हजर!

संपदानं जोडी म्हणजे एक वर्ष वगैरे समजावलं. आबा पाइपवर वाकले. "एका वर्साला एकच जोडी? आमच्या रानात गेल्या पावसाळ्यात दोनदा पूर आला, गाळाचे दोन थर बसले. मग माजं वय दोन वर्सांनी वाढलं व्हय?"

सर ताडकन उठले, आबांना स्वतःची खुर्ची दिली. "हा माणूस आमच्या विभागात पाहिजे होता! संपदा, सगळ्या जोड्या परत तपासा."

आबा गेल्यावर संपदा कपाळाला हात लावून म्हणाली, "भेटायला म्हणून आले आणि माझे तीन महिने खाऊन गेले!"

*

आता शेवटचा. महिनाअखेर संपदाला प्रबंध जमा करायचा होता, आणि सरांच्या सहीशिवाय तो जाणार नव्हता. सही नाही म्हणजे पाच वर्षं पाण्यात!

नियम असा, की दोघांनी एकमेकांना न दाखवता मोजायचं. दुसरी मोजणारी व्यक्ती मी. पहिल्यांदा आमच्या आकड्यांत नऊचा फरक आला. सर म्हणाले, "एकजण झोपला होता."

परत मोजलं. आकडे तंतोतंत सारखे! सर आणखी गंभीर झाले. "गाळात एवढं एकमत होत नसतं. कॉपी कुणी केली?"

संपदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, वेगळे आले तर चूक, सारखे आले तर चोरी. मग मी मोजू तरी कसं?" मला तर त्या क्षणी सरांचा भयंकर राग आला.

सरांनाही ते लागलं असावं. म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही दोघं पुन्हा मोजा, मीही मोजतो." तिघांनी तीन दिवस वेगवेगळ्या खोल्यांत बसून मोजलं. तीन बंद पाकिटं सरांच्या कपाटात. किल्ली सरांच्याच खिशात.

चौथ्या दिवशी पाकिटं फुटली. माझा आकडा चारशे बारा. संपदाचा चारशे बारा. सरांनी स्वतःचं पाकीट फोडलं.

चारशे बारा!

संपदानं सहीचा फॉर्म पुढं सरकवला, वर टोपण काढलेलं पेन ठेवलं. सरांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघितलं. मग उठून कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं आणि हळूच विचारलं,

"माझं पाकीट कुणी बघितलं?"